सहाची वाटी

हे मी हौसेनं लिहीत नाही. हिरेमठ मास्तरांनी शंभर पानी वही आणि बॉलपेन माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "सिद्राम, नवा सोबती आला की मी त्याला नियम सांगतो. नियम कुणाच्या ध्यानात राहत नाहीत. तू तुझं आजारपण लिहून ठेव. ते राहील."

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग बिघडला की तो चालू करून देणं हे माझं काम. पाना हातात असला की मला सगळं सुचतं, पेन धरलं की हात जड होतो. तरी लिहितो. औषधांची नावं मला ठाऊक नाहीत, ज्याला ती हवी असतील त्यानं डॉक्टरांना विचारावं. माझ्या बाबतीत काय घडलं आणि त्यात माझा स्वतःचा हात किती होता, तेवढंच मी सांगणार आहे.

सहा ते सात

आधी मास्तरांच्या वर्गाविषयी. बहात्तरच्या दुष्काळात आजूबाजूच्या तालुक्यांतून माणसं शहरात आली. पुढं पाऊस पडला, पण सगळी काही परत गेली नाहीत. त्यांची पोरं शाळा सोडून कारखान्यांत लागली. सकाळी आठला आत जायचं, संध्याकाळी सहाला बाहेर. हिरेमठ मास्तर तेव्हा नुकतेच शाळेतून निवृत्त झाले होते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की पोरगं बिघडतं ते सहा आणि सातच्या मध्ये. अंग दमलेलं असतं, आई अजून कामावरून आलेली नसते आणि बोळाच्या तोंडाला अड्डा उघडा असतो. तेवढा एक तास कुणी मोठ्या माणसानं पोराबरोबर काढला तर बाकीच्या तेवीस तासांची काळजी नको.

म्हणून त्यांनी 'सोबत वर्ग' काढला. एका पोराला एक सोबती. सोबत्यानं पोराला वाचायला बसवायचं, तालमीत न्यायचं, नाहीतर नुसतं बरोबर फिरायचं. व्याख्यानं झोडायची नाहीत हा पहिला नियम होता आणि तो सगळ्यांत आधी मीच मोडला. दारू म्हणजे घराच्या उंबऱ्याला लागलेली वाळवी, असं मी पोरांना सांगायचो. पोरं माना हलवायची. मला बोलायला आवडायचं, हे कबूल करतो.

माझ्याकडे दत्ता आला. मोहोळजवळच्या खेड्यातला, माझ्याच कारखान्यात कांड्या भरणारा, सतरा वर्षांचा, अंगानं काटकुळा, बोलायला कमी. बाप दुष्काळाच्या आदल्या वर्षी दारूनं गेला होता. आई, पारूबाई, दुसऱ्या एका कारखान्यात कांड्यांवर सूत भरायच्या कामाला. पहिल्या दिवशी ती दत्ताला घेऊन वर्गाच्या दारात आली आणि आत न येताच बोलली.

"ह्याचा बा दारूनं गेला. आता हे एकच ऱ्हायलंय. शिकवा, न्हायतर नका शिकवू. पर त्येवड्यापासनं लांब ठिवा."

"बाई, माज्यावर सोडा," मी म्हणालो. सगळ्यांसमोर म्हणालो. मास्तरही ऐकत होते.

घसा धुणं

आता वाटीचं सांगतो. मागावर दिवसभर सुताची धूळ उडते. नाकात, केसांत, घशात जाऊन बसते. संध्याकाळी खाकरलं की पांढरं निघतं. जुनी माणसं त्यावर गूळ खायची. आमच्या घरात गुळाबरोबर एक पितळी वाटीही होती, आमटीच्या वाटीहून जरा लहान. तिच्यात काठोकाठ पहिल्या धारेची हातभट्टी. कामावरून आल्यावर हातपाय धुवायचे, पाटावर बसायचं, आधी गुळाचा खडा, मग वाटी, मग परत खडा. आम्ही याला घसा धुणं म्हणत असू. बापानं मला चौदाव्या वर्षी पहिल्यांदा दिली. त्याला त्याच्या बापानं दिली असणार. सोमवारी सिद्धेश्वराच्या नावानं बंद असायची.

याला कुणी दारू पिणं म्हणत नसे. दारू पिणारा म्हणजे अड्ड्यावर उभा राहून पितो तो, गटारीत पडतो तो, बायकोला मारतो तो. मी अड्ड्याची पायरी कधी चढलो नाही. बाटली घरी यायची आणि माझी बायको शांता वाटी भरून पाटाशी ठेवायची. सहाला सुटायचो, वाटी घ्यायचो आणि साडेसहाला मास्तरांच्या वर्गात दारूबंदीवर बोलायला हजर. वाटीच्या जागी पुढं फुलपात्र कधी आलं ते मला सांगता येणार नाही. आम्ही त्यालाही वाटीच म्हणत राहिलो.

आमच्यात एक रीत आहे. पोरगं कांड्या भरता भरता मागावर येतं आणि ज्या दिवशी दोन माग त्याच्या एकट्याच्या हाती सोपवतात, त्या दिवशी जॉबर त्याला घरी नेऊन घसा धुवायला देतो. दत्ताच्या हाती मागांची जोडी आली तेव्हा मीही त्याला घरी नेलं. शांतानं माझ्या बापाची वाटी घासून पुसून काढली. दत्तानं ती नाकाशी नेली आणि खाली ठेवली.

"आण्णा, हा वास माज्या वळखीचा हाय."

"आरं, ही दारू न्हाय, औषध हाय. तुज्या आईला मी शब्द दिलाय. मी तुला दारू पाजीन व्हय?"

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि प्याला. ठसका लागला तसा मी त्याच्या पाठीवर थापटलं आणि गुळाचा खडा दिला. दुसऱ्या दिवशी तो आपणहून आला. मग रोज यायला लागला. पोरगं माझ्या नजरेसमोर आहे, अड्ड्यावर नाही, असं मी मास्तरांना मोठ्या समाधानानं सांगितलंही.

गळ्यातली माळ

दीडेक वर्षानं माझी भूक गेली. मग पाय सुजले. मग एक दिवस कारखान्यातला कारकून म्हणाला, "अण्णा, डोळ्यात हळद पडली की काय?" आरशात बघितलं तर खरंच डोळे पिवळे.

कावीळ झाली की डॉक्टरकडे जायचं नाही, उतरवून घ्यायची, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. शहराबाहेर एक म्हातारा कावीळ उतरवायचा. त्यानं औषधी झाडाच्या मुळ्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवले आणि ती माळ माझ्या डोक्यावर ठेवली. कावीळ जसजशी उतरेल तसतशी माळ वाढत जाऊन गळ्यात येते, गळ्यातून खाली येते. माझी माळ चार दिवसांत छातीवर आली. शांता रोज बोटांनी मापायची आणि खूश व्हायची. अशा मारलेल्या गाठी आपोआप सैल होतात आणि दोरा लांबतो, हे मला कुणी सांगायला नको होतं. जन्म सुतात गेला माझा. तरी मीही रोज माळ बघत होतो आणि खूश होत होतो.

माळ बेंबीपर्यंत आली आणि पोट तिच्याही पुढं आलं. झोपलो की दम लागायचा. मग मास्तरच रिक्षा घेऊन आले आणि मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंचा प्रश्न

पुरुषांच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. तपासायला आल्या त्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. मुलगी आमची एकुलती एक, तिचं नुकतंच अक्कलकोटला लग्न झालं होतं. बाईंनी पोट दाबलं, डोळे बघितले, हात पुढं करायला सांगितले. मग केसपेपर घेऊन उभ्या राहिल्या.

"दारू पिता?"

"न्हाय."

"कधीच नाही?"

"कधीच न्हाय. मी तर पोरांना त्यापासनं लांब ठेवतो. ह्या मास्तरांना विचारा की."

मास्तरांनी मान हलवली. बाईंनी लिहून घेतलं. माझ्या पायाशी शांता उभी होती. ती हळूच म्हणाली, "वाटी सांगा की."

"ती कुटं दारू हाय?"

"काय असतं वाटीत?" बाईंनी तिलाच विचारलं.

शांतानं गुळासकट सगळं सांगितलं. "मी लगीन होऊन आले तवापासनं मीच भरून देते. रोज. सोमवार सोडून."

बाईंनी पेन खाली घेतलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी सरळ विचारलं, "अण्णा, मग तुमच्या मते दारू म्हणजे काय असतं?"

मी तोंड उघडलं. माझ्याजवळ अड्ड्याच्या पत्त्याशिवाय दुसरं काही उत्तर नव्हतं.

लिव्हर बरंचसं गेलंय, असं त्यांनी सांगितलं. उरलंय त्यावर माणूस जगू शकतो, पण आता एक थेंबही नाही. घेतली तर वर्षभरही काढणार नाही. एवढं सांगून त्या शेजारच्या खाटेकडे गेल्या. मास्तर माझ्याकडे बघत नव्हते. खिडकीतून बाहेर बघत होते. मला त्या घडीला मरणाची भीती वाटली, हे खरं, पण तिच्याबरोबर लाजही वाटली आणि दोन्हींपैकी कशासाठी घाम फुटलाय ते कळत नव्हतं. शांता मात्र जागची हलली नाही. म्हणाली, "मी भरून दिली की वो. रोज मीच भरली."  

छतातले धागे

वाटी बंद झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी माझे हात कापायला लागले. आधी बोटं, मग कोपरापर्यंत. अंगाला मुंग्या डसल्यासारखं व्हायला लागलं. मग मला वॉर्डच्या छतात ताणा दिसायला लागला, म्हणजे मागावर उभे ताणलेले धागे असतात ना, ते. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरे धागे, आणि मधले मधले तुटलेले. तुटका धागा दिसला की जोडायचा, ही सत्तावीस वर्षांची सवय. मी खाटेवर उभा राहून हवेत गाठी मारायला लागलो. शेजारच्या खाटेवर नातेपुत्याचे एक पैलवान मांडी मोडून पडले होते, ते ओरडले तेव्हा दोन वॉर्डबॉय आले. मला खाटेला बांधावं लागलं. मी त्यांना शिव्या दिल्या म्हणे, त्याही कानडीत. एरवी मी आईशिवाय कुणाशी कानडी बोललो नाही आणि आई जाऊन दहा वर्षं झाली.

हे दोन दिवस चाललं. नव्या माणसाला मुद्दाम सांगतो की वाटी सोडणं म्हणजे मनाचा निश्चय, असं मी पोरांना जे सांगत होतो ते अर्धवट होतं. रोजच्या सवयीचं अंग असं एकाएकी सुटत नाही. ते दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखालीच सुटलेलं बरं. घरी असतो तर शांतानं माझी दया येऊन परत वाटी भरली असती आणि मी ती घेतली असती.

अळणी

पुढं रोजचं ठरून गेलं. सकाळी सिस्टर वजन करायची, पोटाला फीत लावून माप घ्यायची. दोनदा पोटात सुई घालून पाणी काढलं. खाटेखालच्या बादलीत ते पडताना आवाज यायचा. मी तिकडे बघायचं टाळलं आणि नातेपुत्याच्या पैलवानांनी मात्र नीट बघून मला अंदाज सांगितला. "अण्णा, म्हशीनं बी एवढं दिलं नसतं," असं म्हणाले. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा हसलो.

सगळ्यांत मोठा त्रास मिठाचा. मीठ बंद. शेंगाचटणी बंद. सोलापूरच्या माणसाला अळणी भाकरी दिली की त्याला शिक्षा झाल्यासारखंच वाटतं. दोन दिवस मी डबा तसाच परत पाठवला. वॉर्डातल्या आयाबाईंनी ते बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सिस्टरला विचारून पदराच्या गाठीतून अर्धं लिंबू काढलं आणि भाकरीवर पिळलं.  रोज अर्धं लिंबू यायचं. ते त्या स्वतःच्या जेवणातलं आणतात हे मला घरी जाताना कळलं.

शांता डबा आणायची, बसायची, पण बोलायची नाही. माझ्यावर राग होता की स्वतःवर, ते तिलाही सांगता आलं नसतं. एकदा मुलगी अक्कलकोटहून आली आणि रडायला लागली तशी शांता तिला म्हणाली, "साकु." म्हणजे कानडीत 'पुरे'. एवढा एकच शब्द त्या दिवशी ती बोलली.

दत्ता

दत्ता रोज संध्याकाळी यायचा. साडेसहाच्या पुढं. पायाशी बसायचा, कारखान्यातलं सांगायचा, कुठला माग अडला, कुणी कसा लावला. मी बरा होत चाललो तसं माझं नाकही जागं झालं. दहाव्या-बाराव्या दिवशी तो उशी सरकवायला वाकला आणि मला वास आला. मला ओळखीचा होताच. पण तोवर मी स्वतःच त्या वासात बसलेला असायचो, त्यामुळं दुसऱ्याचा कधी आला नव्हता.

"दत्ता, घसा धुवून आलास?"

"व्हय की." त्यानं अगदी सहज सांगितलं. "तुमी न्हाईत तर कोपऱ्यावरच्या अड्ड्यावर जातो. तितं गूळ न्हाय देत, मी खिशात ठेवतो."

"किती?"

"तीन. कधी चार. धूळ लई हाय आण्णा सध्या."

त्यानं खिशातून गुळाचा खडा काढून मला दाखवला, कागदात गुंडाळलेला. रीत सांभाळतोय, हे मला दिसावं म्हणून. त्याचा हात बारीक कापत होता. मी पोरांना इतकं बोलणारा माणूस, त्या दिवशी नुसतं "जा घरी," म्हणालो. तो गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडलो आणि रडलो. पैलवान झोपल्याचं सोंग करून पडून राहिले, ही त्यांची माणुसकी.

माझं लिव्हर माझ्या बापानं आणि मी मिळून घालवलं, त्याचा हिशोब आमच्या घरातला. हे पोरगं मात्र एका बाईनं विश्वासानं माझ्या हाती दिलं होतं.

पारूबाईचं दार

दवाखान्यातून सुटल्यावर आठ दिवसांनी मी मास्तरांच्या वर्गात गेलो आणि सगळ्या सोबत्यांसमोर वाटीचं सांगितलं. ते सोपं गेलं. लोकांसमोर बोलायची मला सवयच आहे. घरी परतताना मास्तर म्हणाले, "हे झालं माझ्या वर्गाचं. पण शब्द तू मला नव्हता दिलास."

रविवारी सकाळी मी पारूबाईच्या खोलीवर गेलो. दत्ता घरात होता, भिंतीला टेकून बसलेला. पारूबाई धान्य निवडत होती. मला बसायला पोतं टाकलं. मी बसलो नाही.

"बाई, ह्याला पहिल्यांदा मी पाजली," मी म्हणालो. "माज्या घरी. औषध म्हणून. ती दारूच व्हती."

तिनं सूप खाली ठेवलं नाही. एक खडा काढून बाजूला टाकला.

"ठावं हाय," ती म्हणाली.

"दत्तानं सांगितलं?"

"त्यानं औषधच सांगितलं. पर अठरा वरीस त्या वासाशेजारी झोपलेली बाई मी. पयल्या दिवशीच वळखलं." मग तिनं वर बघितलं. "त्यानं तुमचं नाव घेतलं म्हून गप ऱ्हायले. म्हटलं, आण्णांनी दिलंय तर दुसरं कायतरी आसंल. माजंच नाक खोटं आसंल."

दवाखान्यात माझ्या पोटात जाड सुई दोनदा घातली. तिचं दुखणं मी विसरलो. हे वाक्य विसरलेलो नाही आणि विसरावं असं मला वाटतही नाही.

मी पायाकडे बघत उभा राहिलो. ती मला हाकलून देईल असं वाटलं होतं, खरं तर तशी आशाच होती. हाकलून दिलं असतं की माझं काम संपलं असतं. तिनं सूप भिंतीला टेकवून ठेवलं आणि म्हणाली, "आता तुमीच या. रोज सहाला. हितं, माज्या दारात बसायचं दोगांनी, मी कामावरनं येस्तवर. तुमी बी न्हाय पियाची आन् त्यानं बी न्हाय."

"आई, मी काय ल्हान हाय का?" दत्ता म्हणाला.

"तू न्हाईस. पर हे हाईत," ती माझ्याकडे बोट करून म्हणाली. "ह्यांना कुणीतरी बघाय पायजे."

दारातला तास

तिनं हे ठरवून म्हटलं होतं की तोंडातून निघून गेलं, मला माहीत नाही. पण दत्ता ऐकून गेला तो त्यामुळंच. त्याला वाटलं, आपण अण्णांना सांभाळायला बसायचं.

आधी डॉक्टरीणबाईंकडे नेऊन त्याला तपासून घेतलं, त्यांनी काही गोळ्या दिल्या. मग आम्ही बसायला लागलो. सहा ते सात. रिकामा हात वाटीकडे जातो म्हणून पारूबाईनं कारखान्यातून टाकाऊ सुताचा गुंता आणून आमच्यापुढं टाकला. तो सोडवायचा आणि गुंडा करायचा. गुंडा किती झाला ते ती आल्यावर हातात घेऊन बघायची. शांतानं दुसऱ्याच दिवशी गरम पाणी आणि गूळ घेऊन यायला सुरुवात केली. चौथ्या की पाचव्या दिवशी ती तिथंच बसली आणि आमच्यातलं सूत ओढून घेऊन म्हणाली, "असं ओढलं तर गाठ बसंल की, सरका." महिनाभरात माझ्याशी एवढं लांब वाक्य ती पहिल्यांदा बोलली होती.

सहा वाजता सुरुवातीला तोंडाला पाणी सुटायचं. अजूनही सुटतं. पाऊण तासानं कमी होतं. सातला गेलेलं असतं. मास्तर बरोबर सांगत होते, तो एकच तास असतो. फक्त तो रोज येतो, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात एक दिवस दत्ता आला नाही. मी सव्वासहाला उठलो आणि कोपऱ्यावर गेलो. आत तो बसलेला दिसत होता. लोकांना वाटेल, मी आत जाऊन त्याला बाहेर ओढायला हवं होतं. मी गेलो नाही. वास रस्त्यापर्यंत येत होता आणि माझे पाय मला चांगले ठाऊक आहेत. आत गेलो असतो तर दोघंही आतच राहिलो असतो. मी समोर सायकलच्या दुकानापाशी उभा राहिलो, तो बाहेर येईपर्यंत. बाहेर आल्यावर त्यानं मला बघितलं. म्हणाला, "लई येळ उभे हाईत व्हय?" मी म्हणालो, "पाय सुजलेत, घरी सोड मला." त्यानं मला घरापर्यंत धरून आणलं. दुसऱ्या दिवशी सहाला तो दारात माझ्या आधी येऊन बसला होता. असं पुढं आणखी दोनदा झालं.

माझ्या बापाची वाटी पारूबाईकडे आहे. तिनं मागून घेतली. चुलीशेजारी तिच्यात मीठ ठेवते.

परत तोच प्रश्न

परवा मी दाखवायला गेलो होतो. कारखान्याला सुट्टी होती म्हणून दत्ताही बरोबर आला. डॉक्टरीणबाईंची बदली व्हायची आहे, त्यामुळं त्या नव्यानं सगळा कागद करत होत्या. पोट दाबलं, डोळे बघितले, हात पुढं करायला सांगितले. हात स्थिर होते. मग कागद भरताना नेहमीच्या सवयीनं विचारलं, "दारू पिता?"

मागच्या खेपेला या प्रश्नाला मी घाईनं उत्तर दिलं होतं. 

"पीत होतो," मी म्हणालो. "चौदाव्या वर्षापासनं."

त्यांनी वर बघितलं, हसल्या आणि लिहून घेतलं. मग माझ्यामागं उभ्या असलेल्या दत्ताकडे वळल्या.

"आणि तू?"

दत्तानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेचार झाले होते.

"काल न्हाय पिलो, बाई," तो म्हणाला. "आजचं सहा अजून वाजायचंय."

 मी सदऱ्याची बटणं लावली आणि आम्ही दोघं पारूबाईच्या दाराकडे चालत निघालो.